तिन्ही थाळ्या उलट्या

(सेनगावजवळ सोयाबीन निघालेलं एक रिकामं वावर. शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक शेषराव, त्यांची बायको जनकाबाई, आणि स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून फिनलंडहून बोलणारा त्यांचा मुलगा रत्नपाल. फेकायच्या तीन रंगीत प्लास्टिकच्या थाळ्या त्यानंच तिकडून पाठवल्या आहेत.)

रत्नपाल : कुठं गेली म्हणता?

शेषराव : उजवीकडं.

रत्नपाल : लाल थाळी?

शेषराव : लाल. सरळ निघाली, वीस पावलं गेली, मग उजवीकडं वळून खाली बसली.

रत्नपाल : असं कसं होईल बाबा? लाल थाळी डावीकडंच उतरती. तिचा घाटच तसा हाय.

जनकाबाई : आरे, म्या सोता उचलून आणली. शेजारच्या वैजनाथच्या बांधाला पडली व्हती. वैजनाथचा बांध उजवीकडंच हाय. तुह्या जल्माच्या आधीपासून तिथंच हाय.

रत्नपाल : माय, तू काहून आणाय गेली? बाबा कुठं हायेत?

जनकाबाई : हे काय, हितंच हुबे. मला शुगर हाय ना, डॉक्टरनं चालाय सांगितलंय. म्हणून म्याच आणून राहिले.

रत्नपाल : बरं. बाबा, थाळीवर चार आकडे हायेत ते वाचा एकदा. रंगात तर घोळ झाला न्हाई ना, बघू.

शेषराव : सात, चार, शून्य, तीन.

रत्नपाल : बराबर. पहिला आकडा वेगाचा, दुसरा तरंगायचा. तिसरा म्हणजे अंगात जोर असताना ती उजवीकडं किती झुकती. चौथा म्हणजे जोर सरल्यावर डावीकडं किती उतरती. लालचा तिसरा शून्य, चौथा तीन. म्हणजे ही अडेल. उजवीकडं जाणारच न्हाई, शेवटाला डावीकडं वळणार. ओव्हरस्टेबल म्हणतेत हिला.

शेषराव : निळीवर सात, पाच, उणे तीन, एक.

रत्नपाल : ती एकदम नरम. उजवीकडं झुकत झुकत जाती. आणि पिवळी दोघींच्या मधली, सरळ जाऊन शेवटाला जराशी डावीकडं. तिन्ही फेअरवे ड्रायव्हरच, फक्त स्वभाव वेगळे.

जनकाबाई : मघापासून ड्रायव्हर ड्रायव्हर करून राहिला. ड्रायव्हर कोण हाय ह्याच्यात?

रत्नपाल : थाळीच्या जातीचं नाव हाय माय. लई लांबची न्हाई, मधल्या पल्ल्याची. इकडं झाडीतून वाट काढलेली असती, वाटेच्या शेवटाला साखळ्या लावलेली टोपली. कमीत कमी फेकीत थाळी टोपलीत घालायची, असा खेळ.

जनकाबाई : आन हरलं तर?

रत्नपाल : तर काय, घरी जाऊन जेवायचं. बाबा, ऐका. इकडला माझा दोस्त अनिरुद्ध पुढल्या आठवड्यात हिंगोलीला घरी येऊन राहिला. त्याच्या बॅगेत चार थाळ्या बसतेत. तुमच्या हाताला यातली कोणती जमती ते कळलं की तसल्याच चार देतो. म्हणून विचारून राहिलो. वारं हाय का तिकडं?

शेषराव : चिमूटभर माती सोडून बघितली. सरळ पायाशी पडली. वारं अजिबात न्हाई.

रत्नपाल : हातातून सुटताना थाळी तिरपी होती का? एक कड वर, एक खाली?

शेषराव : समपातळीत सोडतो.

रत्नपाल : मग जुन्या सवयीनं थाळीफेकीसारखी फेकत असाल.

शेषराव : रत्नपाल, अठ्ठावीस वर्षं पोरांना थाळीफेक शिकवली मी. मला फरक कळतो. तू सांगितलंस तसंच करतो. निशाणाला पाठ द्यायची, हात छातीवरून आडवा आणायचा आणि झटका द्यायचा.

रत्नपाल : बाबा, तुमचा आवाज आजबी जड येऊन राहिला.

जनकाबाई : दाढ काढली ना त्यांची!

रत्नपाल : ती तर दसऱ्याच्या आधी काढली म्हणली होतीस.

जनकाबाई : दुसरी काढली.

शेषराव : निळी फेकतो आता. जनका, बाजूला हो.

रत्नपाल : फेका. उजवीकडं झुकंल, बघा तुमी.

शेषराव : फेकली.

रत्नपाल : गेली ना उजवीकडं?

जनकाबाई : न्हाई रे. डावीकडं झुकली. त्या लिंबाच्या अंगाला.

रत्नपाल : डावीकडं? निळी? माय, तू कुठं तोंड करून उभी हाय?

जनकाबाई : ह्यांच्या मागं. ह्यांचं तोंड तिकडंच माझं तोंड. मला काय डावं-उजवं कळत न्हाई का? जेवते त्या हाताच्या उलटीकडं गेली.

रत्नपाल : मग आकडे उलटे छापले का काय... पण इकडं मी सोता फेकून बघितल्यात त्या. तिन्ही. पाठवायच्या आधी. थांबा, मला जरा इचार... हॅलो? बाबा, आवाज येऊन राहिला का? हॅ...

जनकाबाई : गेला. कटला फोन. बसा आधी, बांधावर टेका. पाय कसा थरथरून राहिला बघा तुमचा.

शेषराव : बरा आहे पाय.

जनकाबाई : मी काय म्हणते, त्याचा फोन आला की सांगून टाका, लाल डावीकडं गेली, निळी उजवीकडं गेली. त्याला जे पायजे ते सांगा. त्याचंबी समाधान, आपलीबी सुटका.

शेषराव : थाळी जिथं पडली तिथंच पडली म्हणून सांगायची. आयुष्यभर मैदानावर टेप धरून उभा राहिलो. साहेबाच्या पोराचीसुद्धा फेक एक बोट वाढवून लिहिली न्हाई.

जनकाबाई : आन तुमचा हात गेला, ते? ते कोणत्या टेपनं मोजलं? तीन महिने झाले, त्याला काय सांगून राहिलो आपण?

शेषराव : ते खोटं बोललो न्हाई. फक्त सांगितलं न्हाई.

जनकाबाई : दाढ कोणी काढली मग?

शेषराव : ते तू म्हणालीस.

जनकाबाई : व्हय, म्याच म्हणले! म्याच सगळं म्हणले. त्याचं लेकरू सातव्या महिन्यात झालेलं, काचेच्या पेटीत ठेवलेलं. मूठभर जीव. ह्यो तिकडून रडून राहिला, संध्या तिकडं दवाखान्यात पडलेली. आन त्याच आठवड्यात तुमी हिकडं न्हाणीत पडलात, सगळी उजवी बाजू गेली. काय म्हणून सांगायचं व्हतं म्या त्याला? लेकराला सोड आन बापाकडं ये म्हणून?

शेषराव : तेव्हाचं तुझं बरोबर होतं. मी चूक म्हणत न्हाई.

जनकाबाई : मग?

शेषराव : लेकरू पेटीतून बाहेर येऊन दोन महिने झाले, जनका.

जनकाबाई : मग तुमी सांगा. बाप हायेत ना तुमी.

शेषराव : रोज ठरवतो. फोन आला की तो अबोलीचं काहीतरी सांगायला लागतो. ती हसली, तिनं कूस बदलली. त्याच्यामधी कुठं घुसवू मी हे? पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एक गोष्ट सांगायची होती. आता दोन सांगाव्या लागतील. हात गेला ही एक, आणि त्याच्यापासून लपवलं ही दुसरी. आधी कोणती सांगायची तेच कळंना.

जनकाबाई : खाटंवरून उठायला तयार नव्हतात तुमी. फिजिओवाली पोरगी चार डाव येऊन गेली, तिच्याकडं बघितलंबी न्हाई. ह्या थाळ्यांचं खोकं उघडलं तवा उठलात. मला वाटलं, बरं झालं, लेकाच्या थाळ्यांनी तरी उठवलं. आता ह्या थाळ्याच तोंडघशी पाडून राहिल्या बघा... घ्या, आला फोन.

रत्नपाल : हॅलो. हां, आता येऊन राहिला आवाज. बाबा, एक काम करा. पिवळी फेका. ती मधली हाय, तिच्यात घोळ व्हायला जागाच न्हाई. सरळ जाईल, शेवटाला जराशी डावीकडं.

शेषराव : फेकतो. जनका, फोन धर.

जनकाबाई : जपून. पाय बघून टाका.

रत्नपाल : पाय बघून काहून?

जनकाबाई : ढेकळं हायेत रे वावरात.

रत्नपाल : काय झालं? फेकली?

शेषराव : फेकली. चांगली गेली. आतापर्यंतची सगळ्यात लांब. सरळ गेली, आणि शेवटाला थोडी उजवीकडं उतरली.

रत्नपाल : उजवीकडं.

शेषराव : उजवीकडं. तुरीत गेली. तूर फुलावर आहे, सगळं पिवळंच पिवळं. आता सापडायची न्हाई लवकर.

जनकाबाई : म्या जाते बघाय.

रत्नपाल : राहू दे माय, थांब. मला काही समजूनच न्हाई राहिलं. लाल डावीकडं जायची ती उजवीकडं. निळी उजवीकडं जायची ती डावीकडं. पिवळी शेवटाला डावीकडं उतरायची ती उजवीकडं. एखादी चुकली असती तर म्हणलो असतो हात चुकला. तिन्ही उलट्या, आन तिन्ही सारख्याच उलट्या. आरशात बघितल्यावानी...

जनकाबाई : जाऊ दे ना रे. सगळ्याच चांगल्या हायेत. तू कोणतीबी दे पाठवून.

रत्नपाल : बाबा.

शेषराव : बोल.

रत्नपाल : तुमी कोणत्या हातानं फेकून राहिले?

जनकाबाई : हे काय इचारणं झालं? हातानंच फेकून राहिले ना. अबोली काय करती रे? झोपली का?

रत्नपाल : माय, तू एक मिनिट काही बोलू नको. बाबा, कोणत्या हातानं?

शेषराव : डाव्या.

रत्नपाल : काहून?

शेषराव : उजवा चालत न्हाई.

रत्नपाल : चालत न्हाई म्हणजे? मुरगळला? पडलात कुठं?

शेषराव : लकवा मारला. उजवी बाजू. पाय आला बराचसा, काठी न घेता चालतो आता. तोंड थोडं वाकडं आहे. हात अजून यायचा आहे.

रत्नपाल : कधी?

शेषराव : श्रावणात.

रत्नपाल : श्रावणात कधी, बाबा?

शेषराव : अबोली झाली त्याच्यानंतर पाचव्या दिवशी.

जनकाबाई : रत्नपाल? आरे बोल ना. हॅलो? कटला का हो पुन्हा?

शेषराव : कटला न्हाई. ऐकतोय तो.

रत्नपाल : दवाखान्यात कोणी नेलं?

जनकाबाई : वैजनाथनं. त्याच्या जीपमधी घालून हिंगोलीला. आठ दिस ठुलं व्हतं. औषधं एक दिस चुकू दिली न्हाईत म्या, तुह्या गळ्याची आण.

रत्नपाल : म्हणजे वैजनाथकाकाला माहीत. गावाला माहीत. अनिरुद्धच्या घरी?

जनकाबाई : त्यास्नी सांगू नका म्हणलं व्हतं.

रत्नपाल : अबोलीचं वजन रोज किती ग्रॅमनं वाढलं, ते मी तुमाला सांगत होतो. रोज. दवाखान्याच्या जिन्यात बसून. तुमी म्हणायचे, इकडलं सगळं बराबर हाय, तू लेकराकडं बघ. आन व्हिडिओवर बाबा शाल घेऊन असे तिरपे बसायचे. मी संध्याला म्हणायचो, बाबाला अजून फोन धरता येत न्हाई बघ.

जनकाबाई : माझी चूक हाय. त्यांना काही बोलू नको. माझीच हाय सगळी.

रत्नपाल : मी कुठं बोलून राहिलो कोणाला? मलाच कळंना, माय. चिडू का, रडू का, का ह्या थाळ्यांचं कोडं सुटलं म्हणून बरं वाटून घेऊ. तुमी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, तेबी कळंना. आलो असतो का? लेकराला त्या पेटीत ठेवून? खरंच न्हाई माहीत मला.

शेषराव : तेच म्हणून सांगितलं न्हाई. तुला तसं ठरवायला लावायचं नव्हतं.

रत्नपाल : ते माझं मला ठरवू द्यायचं होतं बाबा.

शेषराव : हो. ते द्यायला पाहिजे होतं.

जनकाबाई : मग आता काय करायचं?

शेषराव : एक विचारू का, रत्नपाल? डाव्या हातानं थाळी उलटी फिरते, म्हणून उलटी वळते. तुला माहीत असणारच हे. मलाही सुचायला पाहिजे होतं, पण डावखुरं पोरगं कधी माझ्याकडं थाळीला आलंच न्हाई. तू वारं विचारलंस, कड विचारली, आकडे वाचायला लावलेस. हात सगळ्यात शेवटी का विचारलास?

रत्नपाल : डोक्यातच आलं न्हाई. तुमचा उजवा हात होता ना तो. लहानपणी मैदानाच्या कडेला बसून मी तोच बघत होतो. तो नसंल, असं मनात येईल का माझ्या? माय, व्हिडिओ लाव.

जनकाबाई : हितं रेंज पुरत न्हाई व्हिडिओला.

रत्नपाल : माय.

जनकाबाई : बरं बरं, लावते. त्या लिंबाखाली येती जराशी. चला हो, शाल घ्या अंगावर, हळूहळू. म्या हाय ना, माझ्या खांद्यावर ठुवा हात.

रत्नपाल : दिसून राहिलं आता. बाबा, शाल काढा. तोंड समोर करा. असं न्हाई, सरळ माझ्याकडं.

शेषराव : बघ. एवढंच आहे.

रत्नपाल : बारीक झाले तुमी.

शेषराव : वजन चार किलो उतरलं. जनका सकाळी अंडी खायला घालते.

रत्नपाल : हात दाखवा. उजवा.

शेषराव : हा घे. खांद्यापासून उचलत न्हाई अजून. पण दोन बोटं हलतात. परवापासून.

जनकाबाई : परवापासून? मला न्हाई बोललात ते!

शेषराव : पक्कं झाल्याशिवाय काय सांगायचं?

रत्नपाल : माय, फोन जवळ धर त्यांच्या हाताच्या. अजून जवळ. हां. हलवा बाबा.

शेषराव : हलवली. दिसली का?

रत्नपाल : न्हाई, चित्र अडकलं होतं. पुन्हा हलवा.