दस्त्याखालची चिठ्ठी

इलांत्स गावच्या पोलीस ठाण्यात जुनी हत्यारं जमा करायला रांग लागली होती. सायकल हरवल्याची तक्रार घेऊन आलेली बार्ला त्याच रांगेत उभी होती. तिच्या पुढचे दोघे बोलत होते, एक म्हातारा आणि एक मध्यमवयीन.

"फ्लुरिन ना रे तू? ही तर तुझ्या बापाची लष्करातली बंदूक, ती कार्बाइन!"

"हो, गिसेपकाका. वितळवायला देतोय."

"अरे देवा! दर रविवारी चर्चमधून आला की तेल लावत बसायचा तिला. गंजाचा ठिपका पडू दिला नाही कधी."

"माहितेय. मला मात्र कधी हात लावू दिला नाही."

"तू लष्करात जायला नकार दिलास. जिव्हारी लागलं रे त्याच्या."

"म्हणून बावीस वर्षं एक शब्द बोलायचा नाही? आणि गेल्या महिन्यात पुरायला बरा मी लागलो!"

"बरं, भांडू नकोस. निदान दस्त्याखालची लोखंडी पट्टी तरी उघड. आत नाव-पत्त्याची चिठ्ठी असेल. लष्करातली बंदूक घरी ठेवणारे आम्ही सगळेच अशी चिठ्ठी ठेवायचो. माणसाचं नाव भट्टीत घालू नये. हा घे चाकू."

स्क्रू करकरत निघाले.

"मिळाली? वाच की."

"अक्षर बाबांचंच आहे."

"आणि नाव?"

"माझं."

"तुझं?"

"पत्तासुद्धा माझाच. बाझेलच्या घराचा. काका, ते घर मी गेल्या वर्षी घेतलं. बाबांना कळवलंसुद्धा नव्हतं."

म्हाताऱ्याने चाकू परत मागितला नाही. रांग पुढे सरकली, पण ते दोघे हलले नाहीत आणि बार्लाही हलली नाही.

"पुढचे कोण?" खिडकीतून आवाज आला. "बंदूक कुणाच्या नावावर आहे?"