उकळत्या पाण्याची किटली

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे, पण वडील खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत लागले अन् आम्ही जबलपूरचेच झालो. पुढं मीही तिथंच लागलो. मी काही बोलका माणूस नाही, हे तर घरातही कोणाला सांगितलं नाही, पण काय सांगू तुम्हाला, पन्नाशी उलटली, आता किती दिवस आत ठेवू.

एकाहत्तरच्या लढाईत आमच्या डबल पाळ्या सुरू होत्या. सदरमधले, म्हणजे छावणीतले, फौजी साहेब सीमेवर गेले, त्यांच्या बायका सामान विकून माहेरी चालल्या होत्या. तिथून मी एक सागवानी पलंग हातगाडीवर आणला. कोणासाठी, तर ताईसाठी. माझी मोठी बहीण, त्याच वर्षी विधवा झालेली, आई तिला आणायला तिच्या सासरी वर्ध्याला गेली होती. आईचा नियम असा की परक्या घरचं लाकूड आठ दिवस अंगणात उन्हात राहील, रोज त्याच्या सांध्यांत उकळतं पाणी पडेल, मगच ते उंबरा ओलांडेल. आता दिवसा मी पाळीवर, अन् अंधार पडला की ब्लॅकआउट, अंगणात शेगडी पेटवायची मनाई. दोन दिवस पाहिलं, मग पलंग आत घेतला अन् स्वतःच त्याच्यावर झोपलो. ढेकूण चावलेही असतील मला, पण डबल पाळीच्या झोपेत कळते कोणाला.

ताईला घेऊन आल्या आल्या आईनं पलंग पाहून विचारलं, पाणी टाकलं ना रे सांध्यांत? मी म्हटलं, हो, रोज.

पंधरा दिवसांत घरभर ढेकूण झाले. भिंत लागून असलेल्या क्वार्टरमधली भाभी दारात येऊन म्हणे, क्या माँजी, बेटी ससुराल से खटमल लाई है क्या दहेज में? आईला ते झोंबलं. पलंगाचं तर मी सांगितलेलंच होतं, मग ढेकूण आले कुठून, तर ताईच्या गोधडीतून. ती गोधडी भाऊजींच्या सदऱ्यांची अन् धोतराची होती, ताईनं स्वतः शिवलेली. त्यांचं तेवढंच राहिलं होतं तिच्यापाशी. आई म्हणाली, जाळ. ताईनं घडी करून आणून दिली, हो, घडी करून. घासलेट मी ओतलं. काडीही मीच लावली. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं, काहून नाही उघडलं, आजही समजत नाही.

चार दिवसांनी ताई म्हणाली, मला वर्ध्याच्या गाडीत बसवून दे. स्टेशनवर गाडी हलली तेव्हा खिडकीतून हळूच म्हणाली, "भाऊ, त्या पलंगाच्या सांध्यांत एकदा उकळतं पाणी टाकून घे."

तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. पुन्हा ती आमच्याकडे आली नाही. लोकांकडे स्वयंपाक करून राहिली, अन् मागच्या साली गेली. माझं सांगायचं राहूनच गेलं.

आता आमच्या रांझी मोहल्ल्यात कोणी जुनी खाट, जुनं कपाट घेतलं की मला हाक मारतात, दादा, किटली लेके आ जाओ. पोरं हसतात, सून म्हणते, बाबांना हा काय छंद. मी जातो. एकेका सांध्यात पाणी सोडतो, घासलेटचा बोळा फिरवतो, सामान उन्हात उलटं करून ठेवायला लावतो. निघताना त्यांना म्हणतो, सुखानं झोपा बाप्पा.