भिंतीतली वाट

पितांबर: ते मले नको सांगू. आपल्या दोघांच्या जिनिंगमधल्या भिंतीतली वाट कोणी बुजवली, तेवढं सांग.

नेमीचंद: अरे भाया, आधी बस तरी. सकाळच्या पारी एवढा घाम?

पितांबर: बसाले वेळ नाही. आगीच्या तपासणीचे साहेब गिरधरच्या जिनिंगमध्ये चहा पिऊन राहिले. तिथून उठले की माझ्याकडे. तुझ्याकडच्या आगीच्या बादल्या घ्याले हमाल घेऊन वाटेकडे गेलो, तर समोर कोऱ्या विटा! सिमेंट अजून ओलं शे, नेमीचंद.

नेमीचंद: बकऱ्या येत होत्या रे त्या भगदाडातून. सरकी खाऊन जातात.

पितांबर: इतक्या वर्सांत बकऱ्या नाही दिसल्या तुले. आजच दिसल्या?

नेमीचंद: तू उगाच तापतोस.

पितांबर: ती वाट मी पाडली होती. याद शे का? शहाऐंशीच्या हंगामात तुझी कापसाची गंजी पेटली, तू रस्त्यावर उभा राहून बोंबलत होता. मी माझ्या बाजूनं पहार घेतली आन् भिंत फोडून आत शिरलो. हा भाजलेला हात पाहा. अजून मूठ वळत नाही नीट.

नेमीचंद: विसरलो का मी? दवाखान्यात रात्रभर उशाशी कोण होतं तुझ्या?

पितांबर: तूच होता. म्हणून तर इचारतो.

नेमीचंद: हे बघ, तेव्हाचे साहेब वेगळे होते. भिंतीवर लाल बादल्या टांगलेल्या दिसल्या, त्यात वाळू दिसली, की झाली सही. ते रस्त्यानं फिरून तुझ्या फाटकाशी पोचेपर्यंत आपण बादल्या भिंतीतून पलीकडे. चाललं इतके दिवस. हा नवा माणूस फार कडक आहे.

पितांबर: असू दे कडक. काल तुझी तपासणी झाली, लायसन हाती आलं. आता माझी पाळी. हातगाडी आणतो, रस्त्यानं नेतो बठ्ठ्या बादल्या, एकूण एक. त्या पाहा, पत्र्याच्या शेडले टांगलेल्या.

नेमीचंद: पितांबर, थांब. हात नको लावू.

(पितांबर एक बादली खुंटीवरून काढतो. बोटांना पांढरा रंग लागतो.)

पितांबर: हे काय? नाव लिहिलं? "नेमीचंद जिनिंग"… याच्यावर बी. त्याच्यावर बी. नेमीचंद, बठ्ठ्या बादल्यांवर तुझं नाव!

नेमीचंद: साहेबाचा हुकूम. ज्याची बादली, त्याचं नाव.

पितांबर: अर्ध्या माझ्या! तुझी गंजी जळाली त्यानंतर धुळ्याले संगं गेलो होतो आपण. गोल बुडाच्याच घेऊ म्हणाला तू. सपाट घेतल्या तर बाया पाणी भराले नेतील म्हणे. येताना एस्टीत मांडीवर घेऊन बसलो होतो.

नेमीचंद: साहेबाला तसं कसं सांगू? ते ऐकतात थोडंच?

पितांबर: बरं, मले एक सांग. नवा माणूस. गेल्या हप्त्यापर्यंत जळगाव पाहिलं नव्हतं त्यानं. बादल्या भिंतीतून चालतात, हे त्याले कसं कळलं?

नेमीचंद: अधिकारी माणूस. त्यांना वास लागतो.

(नेमीचंदची बायको चहा घेऊन बाहेर येते.)

भंवरीबाई: वास नाही लागला. घरात बसून सांगितलं त्यांना.

नेमीचंद: तू आत जा.

भंवरीबाई: जाते. पितांबरभाऊंचा चहा ठेवून जाते. परवा साहेब जेवायला होते, भाऊ. बाटी मी वाढली. हे म्हणाले, "शेजारच्याकडे एक बादली नाही, साहेब. माझ्याच उसन्या नेतो. त्याचं पेटलं तर माझंही जळेल." मी तिथंच उभी होते, तुपाची वाटी घेऊन.

पितांबर: भाभी, असं म्हणाला हा?

भंवरीबाई: तेव्हापासून मला धड जेवण जात नाही.

पितांबर: नेमीचंद, नाही म्हण. एकदा नाही म्हण, मी भाभीले खोटं पाडतो.

नेमीचंद: खोटं काय बोललो? आहे तुझ्याकडे स्वतःची बादली? इतकी वर्षं जिनिंग चालवतोस, घ्यायच्या होत्या.

पितांबर: तू होता ना शेजारी. म्हणून नाही घेतल्या.

नेमीचंद: आता माझं ऐक. जामनेरकडची कापसाची एकेक गाडी माझ्या दारावरून तुझ्या फाटकात वळते. तू भाव चढवतोस. शेतकरी तुझे, सोयरे तुझे, बोली तुझी. आम्ही तीन पिढ्या इथं, तरी मी मारवाडीच. दिवाळीपासून माझी मशिनं अर्धा दिवस बंद. मी काय करायचं होतं?

पितांबर: भांडायचं होतं! येऊन शिव्या द्यायच्या. पितांबर, भाव उतरव, माझं पोट जळतं, असं म्हणायचं. मी नसता उतरवला? तोंडावर तू भाया म्हणतो, आन् मागून माझ्या फाटकाले टाळं लावाची तयारी करतो. टाळं लागलं तर हंगाम गेला माझा. गाड्या उभ्या तिकडे, बाया वाट पाहून राहिल्या.

भंवरीबाई: जीप आली भाऊ. तुमच्या फाटकाशी थांबली.

नेमीचंद: अर्ध्या घेऊन जा. जा लवकर. रॉकेलनं नाव पुसून घे.

पितांबर: आता? साहेब उभे असताना मी फडक्यानं तुझं नाव पुसत बसू?

नेमीचंद: मग काय सांगशील त्यांना?

पितांबर: खरं ते. माझ्याकडे बादल्या नाहीत.

नेमीचंद: आणि… या अर्ध्या तुझ्या, हे?

पितांबर: घाबरू नको. तुझं लायसन घालवून माझी मशिनं फिरणार नाहीत.

भंवरीबाई: चहा तरी घ्या, भाऊ. घोटभर.

पितांबर: आज नको, भाभी. आन् या बादल्या पाहिल्या का? नाव टाकताना वाळू काढली, परत भरलीच नाही. रिकाम्या टांगल्या. गंजी पार शेडले टेकली शे तुमची. आज वाळू भरून घ्या.

भंवरीबाई: भाऊ… पुन्हा तसं काही झालं तर? हाक मारली तर याल ना?

पितांबर: येईन की. फक्त आता रस्त्यानं फिरून यावं लागेल.