कडूबाच्या विहिरीवरचं दर्याचं इंजन

...आन् तुमाले सांगतो, कोनाले इचारा, जो तो त्या इंजनालेच नावं ठेवे! वरवट बकालच्या कडूबानं काय गुन्हा केला होता? मुंबईच्या बंदरावर कामाले असलेल्या शेषरावानं, म्हंजे त्याच्या मेव्हण्यानं, मोडलेल्या मचव्याचं, म्हंजे दर्यातल्या नावेचं, डिझेल इंजन शेगावपर्यंत रेल्वेनं धाडलं, तिथून बैलगाडीनं विहिरीवर आनलं, पयल्या दिवशी असं पानी फेकलं म्हनता, बांधावरचे लोक भिजले! आन् मंग आठवडाभरात काय झालं, त इंजन धापा टाकाले लागलं. काळाभोर धूर, आंग तापलेलं, पान्याची धार करंगळीएवढी. मिरच्या त माना टाकून राह्यल्या. कडूबा रात-दिस एकच इचारे, हे दमते काऊन?

गिरणीवाले गुलाबराव नाकातून बोलत, "खाऱ्या पान्यातला जीव हाये तो, कडूबा... मीठ दे त्याले." आता हसता काय, कडूबानं खरंच थंडाव्याच्या पान्यात मूठभर मीठ टाकून पाह्यलं! डिझेल बदललं, गाळून टाकलं, तेल पाह्यलं. सारं ठीक. मंग दमते काऊन?

एक गोष्ट मातर कोनाच्या ध्यानात नोयती. बांधापल्याड सोजराकाकूचं खोपट. कडूबाची चुलती, दम्याची बाई. पयल्या दिवशी धूर तिच्या दारात गेला आन् ती खोकून खोकून बेजार झाली. मंग कडूबानं धुराच्या तोंडाले उरलेला बारीक पाइप जोडला, कडुलिंबाले वळसा देऊन, कोपऱ्यावर मोडून, पार नाल्यात नेला. काकू खोकली नाई, आन् कडूबा त्या पाइपाकडं पाहून खूश!

एक दिवस रुक्मिणीबाईनं, म्हंजे त्याच्या बायकोनं, पपईची पानं तोडली. पोकळ देठ पडला होता. कडूबानं एकदा देठाकडं पाह्यलं, एकदा नाल्याकडच्या पाइपाकडं, मंग देठ तोंडात धरला, नाक चिमटलं, खांद्यावर भरली घागर घेतली आन् निंघाला बांधावर. नियम काय, त श्वास सोडाचा फक्त देठातून! सांगतो तुमाले, कुंपनापर्यंत गेला नाई त डोळे बाहीर, तोंड लालबुंद, घागर खाली आन् मानूस मटकन बसला. रुक्मिणीबाई धावत आली. म्हने, "नाक सोडा आंधी."

कडूबानं नाक सोडलं, पोटभर हवा घेतली, आन् डोक्यात उजेड पडला. मंग उठून नाल्याच्या तोंडापर्यंत गेला, पाइपात काडी घातली. काजळीच काजळी! जुना धूर पोटातच आडून बसला, त नवी हवा शिरन कुठी? हवा नाई त डिझेल अर्धंच जळन, धूर काळा पडन, ताकद जाईन. त्यानं पाइप काढून फेकला. इंजन असं बोललं, असं बोललं... आन् बांधापल्याड काकू खोकली.

आता इथं खरी पंचाइत. काकू स्वता आली, पदर नाकाले लावून. म्हने, "माह्यापायी मिरच्या मारू नको, बापा. मी दिवसभर देवळात बसीन."  कडूबानं इंजन बंद केलं. मिरच्या तशाच वाळत ठेवून संग्रामपूरले गेला, पत्रेवाल्याकडून मांडीएवढं रुंद नळकांडं करून आनलं, कुठी वळन नाई, कुठी मोड नाई, लाकडी बल्ल्यांच्या आधारानं काकूच्या खोपटाहून उंच, सरळ आभाळाकडं! हँडल मारलं. धूर वर, पातळसा. काकू दारात बसून राह्यली, कडूबा तिच्या तोंडाकडं पाहून राह्यला. नाई खोकली. आन् पानी सुटलं, सरीनं पळत मिरच्याइच्या बुडाशी गेलं.

दुपारी धार एकदम थांबली. सारे धावले, पुन्हा धुराकडं पाहाले लागले. कडूबा मातर विहिरीत वाकला. तळाचा गोटा न् गोटा दिसून राह्यला होता.

शांतपनं बिडी पेटवून म्हने, "इंजनाची धाप गेली बुवा. आता विहिरीले लागली."