गिरणीच्या फाटकासमोरचे गाणे

अन्यायाविरुद्ध गाणाऱ्या लेकीचा अभिमान आणि तिचीच काळजी, हे पित्याचे धर्मसंकट होय. दवाखान्यात माझ्या शेजारी एक वृद्ध विणकर, रॉक बँडमध्ये ड्रम वाजवणाऱ्या आपल्या मुलीशी बोलत होता.

“बाबा, कामावरून काढलेल्या कामगारांना परत घ्या म्हणून उद्या गिरणीच्या फाटकासमोर गाणार आहोत.”

“पोलीस उचलतील.”

“उचलू देत. गाणं ऐकलंत?”

“ऐकलं. खाली माझ्या मागाची खडखड, वर आजीची अंगाई, मध्ये गिटारचा धिंगाणा.”

“आवडलं नाही?”

“ठेका चुकलाय. मागावर सूत घेऊन धावणारा धोटा परतताना क्षणभर थांबतो. तू थांबतच नाहीस.”

“मग शिकवा.”

“उद्या फाटकावर येतो. ड्रमशेजारी खुर्ची ठेव.”

“आणि पोलीस?”

“दोघांना एकाच गाडीत बसवा म्हणावं.”

ती दोघे सुखरूप घरी परतोत.