दाराबाहेरचा दिवा भरदुपारी लागल्याबाबत

मी सुग्रीव दशरथ गलांडे, वय २२ वर्षे, धंदा वायरमन, शिक्षण सातवी, सध्या राहणार सानपाडा, मूळ राहणार आटपाडी, जि. सांगली. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

शिरवणे गावातल्या मुक्ताबाई आजी दिवसा घरात एकट्या असतात. मुलगा धनेशदादा कामावर जातात. काल मी त्यांच्याकडे स्मार्ट रिले बसवला. दाराबाहेरच्या दिव्याला दोन बटणे आहेत, एक दाराशी, एक आजींच्या खाटेजवळ खाली. रिले म्हणजे काड्यापेटीएवढी डबी, बोर्डात बटणामागे बसते. मग दिवा मोबाईलवरूनही लागतो आणि दोन्ही बटणेही चालतात. दिवा लागला किंवा विझला की मोबाईलवर मेसेज वाजतो. एकट्याने केलेले हे माझे पहिलेच काम. धनेशदादांच्या मोबाईलवर आज संध्याकाळी जोडून द्यायचे होते, तोवर माझ्याच मोबाईलवर होते.

आज दुपारी जेवताना मोबाईल वाजायला लागला. दिवा चालू, बंद, चालू, बंद. थांबेचना. मला वाटले, आपली जोडणी फसली. आमचे कंत्राटदार हौसेराव बोलले होते, "कंप्लेंट आली तर डायरेक आटपाडीची गाडी पकड." डबा तसाच टाकून शिरवण्याची रिक्षा धरली.

दाराला आतून कडी. हाका मारल्या, कोणी बोलेना. दिवा मात्र लागत होता, विझत होता, आणि आतून बटणाची टकटक येत होती. म्हणजे जोडणी बरोबर, बटण कोणीतरी दाबतंय! मी मोरीच्या खिडकीच्या काचा काढून वर चढलो. तेवढ्यात शेजारच्या नमिताताईंनी एका हाताने माझा पाय धरला, दुसऱ्या हाताने ११२ लावला.

"कोन रं तू? उतर खाली!"

"लाईट बघायला आलोय, ताई."

"खिरकीतून?"

मी म्हणालो, आधी आतलं ऐका तरी. त्यांनी ऐकले, पाय सोडला आणि मलाच खालून ढकलले. "मंग चढ ना, बघत काय रायलास!"

आजी खाटेजवळ खाली पडल्या होत्या. डोक्यातून रक्त. हात कसाबसा बटणापर्यंत पोचत होता. मी दार उघडले, तोवर ११२ ची पोलीस गाडी आली, तिच्यातून दोघांनी मिळून त्यांना नेरूळच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, वाचतील. मी तिथल्या वॉचमनला मिठी मारली. हे लिहायची गरज नाही असे साहेब म्हणाले, पण मी लिहा म्हणालो.

मी घरातून काही घेतलेले नाही. काचा परत बसवल्या आहेत.

नेताना गाडीत आजींनी मला विचारले, "पोरा, बाहेर दिवा लागत व्हता का रं? मना खालून दिसत नवता."

मी सांगितले, "दर टायमाला लागला, आजी."

मला वाचता येते, तरी साहेबांनी जबाब मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे, म्हणून सही करतो.