नळीची हवा आणि टोपाची हवा

माझा जन्म अमरावतीचा. वडील वकील. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, मोठं काम निघालं की वडील नागपूरला जायचे आणि येताना माझ्यासाठी एखादं इंग्रजी पुस्तक आणायचे, आणि काकू म्हणायची, पोरीला इंग्रजी शिकवून काय कोर्टात उभी करणार आहात, तर वडील म्हणायचे, राहिली उभी तर राहू दे. कोर्टात काही मी उभी राहिले नाही. लग्न होऊन अकोल्याला आले आणि माझं इंग्रजी कामी आलं ते लोखंडात, काय सांगू तुम्हाला. हे मी बोलते आहे आणि तुमची आत्या लिहून घेते आहे, कारण माझ्या डोळ्यांना आता ओळ धरवत नाही. ती मधेच म्हणते आई, हळू. हळू तर हळू.

तुमच्या आजोबांचं घर भिक्षुकीचं. सासरे पहाटे सोवळं नेसून निघायचे, ते दुपारी दक्षिणा आणि शिधा घेऊन यायचे, आणि हे मात्र लहानपणापासून कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या फाटकाशी उभे, पट्टा कसा फिरतो ते बघत. पुढे मुंबईला जाऊन यंत्राचं शिकले आणि परत येऊन रेल्वेच्या मालधक्क्याजवळ टिनाची शेड टाकली. सासरे म्हणाले, घरात मंत्र ऐकू यायचे, आता घण ऐकू येतील. पण अडवलं नाही. माणूस चांगला होता.

आता वऱ्हाडातलं हे काम कसं असतं ते समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दिवाळीनंतर कापूस येतो, जिनं सुरू होतात, ती उन्हाळ्यापर्यंत दिवसरात्र चालतात. तेव्हा यंत्राला कोणी हात लावू देत नाही. मोकळं होतं ते पावसाळ्यात. म्हणजे गंज खरवडायचा, नवा रंग द्यायचा, तो पावसाळ्यातच. पूर्वी माणसं विटेच्या तुकड्याने आणि तारेच्या ब्रशाने महिनाभर घासत बसायची. यांनी मुंबईला पाहिलं होतं की दाबलेल्या हवेबरोबर नळीतून रेती मारली की गंज झडून लोखंड चांदीसारखं निघतं. आल्यावर कुणाचं तरी कंप्रेसर, म्हणजे हवा दाबणारं यंत्र, मागून आणलं, पूर्णेची रेती चाळून, कढईत भाजून कोरडी केली आणि नळी दिली किसनच्या हातात.

किसन बार्शीटाकळीचा, माळ्याचा. घरचा मळा भावाकडे, हा इकडे मजुरीला आलेला, आणि त्याची बायको गंगू टोपली घेऊन आमच्या गल्लीत भाजी विकायची. त्या पावसाळ्यात किसन तोंडाला ओलं फडकं बांधून काम करायचा आणि संध्याकाळी पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखा पांढरा होऊन निघायचा. दिवाळीपर्यंत खोकला धरला. गंगू माझ्या ओट्यावर वांगी मांडता मांडता म्हणाली, बाई, आमचे मालक रातभर बसून राह्यतात जी, आडवे होतच नाहीत. लोखंड साफ करून राहिले का सोताले, काही समजत नाही मले.

हे मी यांना सांगितलं. यांना माहीतच होतं. पुढच्या पावसाळ्याआधी स्वतःचं कंप्रेसर घ्यायचं होतं आणि त्यासाठी विलायतेहून जाडजूड कॅटलॉग मागवला होता, तो मी दिवेलागणीला मोठ्याने वाचायची आणि हे ऐकायचे. त्यात एका पानावर चामड्याच्या टोपाचं चित्र होतं, समोर काचेची खिडकी, मागून रबरी नळी, आणि खाली लिहिलेलं की रेती मारणाऱ्या माणसाला या नळीने स्वच्छ हवा द्यावी आणि ती हवा यंत्राच्या हिशेबात वेगळी धरावी. मी ते दोनदा वाचलं. हे म्हणाले, ऐकलं, ऐकलं.

अनंता, तू फोनवर विचारलंस ना की जुन्या गाड्या साफ करायला कंप्रेसर कोणतं घेऊ, आजोबांनी काय घेतलं होतं, म्हणून सांगते. सगळे दाबाचा काटा बघतात. काट्याने कळतं हवा किती घट्ट कोंडली आहे, किती आहे ते कळत नाही. घागर डोक्यावरून ओतली तर पाणी जोरात पडतं, पण त्याने मळा भिजत नाही, मळ्याला पाट वाहता लागतो. रेतीला पाट लागतो. आणि पावसाळी हवेतलं पाणी वाटेत काढून टाकायची सोय लागते, नाहीतर रेतीचा गोळा होऊन नळी तुंबते. हे मी इंजिनिअर नसून सांगते आहे, ऐकून ऐकून आलेलं.

तर मुंबईहून एक दलाल आला, बैलगाडीवर मावेल असं छोटं, नवं, हिरव्या रंगाचं यंत्र घेऊन. आमच्या कामाला ते अगदी सोयीचं, कारण जिनं सगळी खेड्यापाड्यांत, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत जड गाडी गेली की आसापर्यंत रुतते. शेडसमोर त्याने ते चालवून दाखवलं. काटा झर्रकन वर. आजूबाजूचे लोक वा वा म्हणाले. हे म्हणाले, टोपाची नळीही जोडा. नळीच्या तोंडाशी मी माझा रुमाल धरला, तो छान फडफडला. मग किसनने रेतीची नळी उघडली, लोखंडावर रेती तडतडली, आणि रुमाल माझ्या हातात लोंबला. बंद केली, फडफडला. उघडली, लोंबला. दलाल म्हणाला, एवढं काय त्यात, सगळीकडे मजूर ओलं फडकंच बांधतात. गंगू टोपली घेऊन उभीच होती. ती म्हणाली, मंग तुमीच उभे राहा ना जी फडकं बांधून, आमचे मालक तुमचा काटा पाह्यतीन. लोक हसले. दलालही हसला, पण उभा राहिला नाही.

दुसरं यंत्र होतं चांदूर रेल्वे या गावी. खडक फोडायला आणलेलं, काम संपल्यावर पडून असलेलं, जुनं, अवाढव्य. तिथे जाऊन यांनी तीच परीक्षा केली आणि रुमाल खाली आला नाही. पण ते एकदा बसवलं की हलायचं नाही. म्हणजे छोटं घेतलं तर गावोगावचं काम, पण किसनला हवा नाही, आणि मोठं घेतलं तर किसनला हवा, पण काम आपल्या दारी यायला हवं. हे बरेच दिवस कागदावर हिशेब मांडत बसले. मग एक दिवस जेवता जेवता म्हणाले, मोठं घेतो. मी वाढत होते, मी म्हटलं, बरं.

आलं ते वॅगनीतून, आणि मालधक्क्यापासून शेडपर्यंत बैलांनी ओढता ओढता उन्हाळ्याची अख्खी दुपार गेली. किसनला कॅटलॉगातून मागवलेला तो टोप घातला तर तो आतून ओरडला, साहेब, उकडून राहिलो ना बाप्पा, भाकर भाजाल का माही? पण घातला. मग हे जिनवाल्यांकडे फिरले, तुमचं लोखंड सुटं करून आमच्याकडे पाठवा म्हणून. त्यातला एक म्हणाला, मास्तर, न्हावी घरी येते, का आमी मुंडकं धाडाचं त्याच्याकडे? आणि तेच हिरवं छोटं यंत्र दुसऱ्या एका ठेकेदाराने घेतलं, गाडीवर घातलं आणि तो गावोगाव निघाला. पाऊस सुरू झाला. आमच्या शेडमध्ये काम नाही.

त्या ठेकेदाराने किसनला बोलावलं. नळी धरणारा हात तयार होता ना त्याचा. किसन यांच्यासमोर येऊन उभा राहिला, म्हणाला, साहेब, मशीन तुमची चांगली हाये, पन रिकामी हाये. लेकरं हवा खातीन काय? हे म्हणाले, थोडं थांब, मी काम आणतो. तो म्हणाला, पावसाळा थांबते का जी? गंगू माझ्या ओट्यावर येऊन रडली, बाई, तुमी सांगा त्यायले, माहं ऐकून नाही राहिले. मी सांगितलं. कॅटलॉगात इंग्रजीत काय लिहिलंय तेही मराठीत सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या गाडीमागे गेला. रागावायचं कुणावर? घरात चूल होती, ती त्याची होती.

दसऱ्यानंतर किसन परत आला तेव्हा फाटकापासून शेडपर्यंत येताना दोनदा थांबला. यांनी खुंटीवरचा टोप काढून दिला. हळूहळू आम्हाला काम मिळू लागलं होतं, रेल्वेलगतचं, पाण्याच्या टाक्या, खांब, जाळ्या. फार नाही. पुढे जे जे नवे कोणी नळीवर उभे राहिले ते टोप घालूनच, त्यातला एकही खोकत घरी गेला नाही, हे मी तुमच्या आजोबांच्या नावावर लिहून ठेवते. पण आम्ही मोठे झालो नाही. तो ठेकेदार मोठा झाला, त्याने बंगला बांधला. हे शेवटपर्यंत सायकलवर.

किसनला डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, रेतीची धूळ जाऊन छातीत दगड बसलाय, पहिल्या पावसाळ्याचाही असेल, दुसऱ्याचाही असेल, आता वेगळं काढता येत नाही. नळी सोडून तो बार्शीटाकळीला मळ्यावर गेला. वांग्यांच्या ओळीतून चालताना बांधावर बसायचा, बसून उठायचा, पुन्हा बसायचा. बाजारात भाव ओरडायला दम पुरायचा नाही, म्हणून तो तोलायचा आणि गंगू ओरडायची. तशी काही वर्षं गेली, आणि मग तो गेला. तुमचे आजोबा त्याच्या मातीला गेले होते. येऊन न्हाले आणि न जेवता झोपले.

आता हेही नाहीत. शेड दुसऱ्याची झाली. गंगू अजून येते, आता भाजी विकायला नाही, सुनेने दिलेलं मेथीच्या चार जुड्यांचं ओझं माझ्यासाठी घेऊन. मागच्या आठवड्यात बसली होती, बोलता बोलता म्हणाली, एक पावसाळा जी बाई. एक पावसाळा थांबले असते. मी म्हटलं, हो ग. मग तिने मेथी निवडायला घेतली, मीही घेतली, दोघींनाही नीट दिसत नाही, काड्या पानांत गेल्या आणि पानं काड्यांत.

तुम्ही सगळे लांब आहात, नीट राहा, सुखाने राहा, तुम्हाला कधी अशी निवड करायची वेळ न येवो. पुरे कर ग आता, लिहू नकोस. थकले मी.